धंदा आपापला, सोय सगळ्यांची: कारागीर आणि लहान कारखानदारांची सेवा सहकारी संस्था कशी उभारायची

शिरोलीच्या फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणाऱ्या टेम्पोंकडे एक दिवस नीट पाहा. एकाच गल्लीतल्या तीन मशीन शॉपसाठी तीन टेम्पो येतात, तिन्ही अर्धे रिकामे, आणि भाडे मात्र तिघांनाही पूर्ण पडते. मशीनिंग झालेला माल परत जाताना पुन्हा तेच. कोटेशन देताना हे तिघे एकमेकांचे स्पर्धक असतील, पण भाड्यात तिघेही सारखेच बुडतात. सेवा सहकारी संस्था अशा जागी कामाला येते. धंदा ज्याचा त्याचा राहतो, गिऱ्हाईक ज्याचे त्याचे राहते, आणि एकट्याला महाग पडणारी एखादी सोय सगळे मिळून चालवतात.

कोल्हापूर जिल्ह्यात सहकार म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. गोकुळ दूध संघ 1963 चा, आणि गावोगावी दूध संस्था व विकास सोसायट्या आहेतच. पण दूध संस्थेत सभासद माल घालतो आणि संस्था तो विकते. सेवा संस्थेत सभासद हाच संस्थेचा गिऱ्हाईक असतो. त्यामुळे दर ठरवणे, उधारी, नफ्याचे वाटप हे सगळे थोडे वेगळे बसवावे लागते. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा यांसारख्या संघटना उद्योजकांचे प्रश्न मांडतात. व्यवहार करणारी संस्था त्यांच्या जागी येत नाही, ती त्यांच्या शेजारी उभी राहते.

आधी बिले गोळा करा, मते नंतर

बैठक बोलावून "संस्था काढायची का?" असे विचारले तर सगळे हो म्हणतात. त्या होकारावर काही उभे राहत नाही. त्याऐवजी प्रत्येकाकडून मागच्या तीन महिन्यांची बिले मागा: वाहतूक, टूल इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलती पाती), कूलंट (मशीनिंग करताना गार ठेवणारे द्रव), टेस्टिंग, हिशेबनीस. ज्याला बिले दाखवायची नाहीत तो उद्या संस्थेच्या रजिस्टरवर वजनही खरे लिहू देणार नाही, हे इथेच कळते.

सगळ्यांच्या बिलांत सर्वांत मोठा आणि सारखा येणारा खर्च कोणता ते पाहा आणि पहिल्या वर्षासाठी तेवढी एकच सेवा निवडा. निवडताना तीन गोष्टी तपासा. ती सेवा मोजता यायला हवी: किलो, फेरी, तास, नग. तिच्यामुळे एकाचे गुपित दुसऱ्याला कळता कामा नये. सामाईक ड्रॉइंग ऑफिस पहिल्याच वर्षी नको ते याचसाठी. आणि उद्या ती बंद पडली तरी कुणाचे शॉप थांबता कामा नये. वाहतूक या तिन्हींत बसते. मोठे मोजमाप यंत्र विकत घेणे बसत नाही, कारण कर्ज आधी येते आणि कामाची सवय नंतर लागते.

आता आकडे मांडू. हे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

14 शॉप आहेत. प्रत्येक शॉप महिन्याला सरासरी 8 फेऱ्या करते, फेरीला 800 रुपये भाडे आणि सरासरी 600 किलो माल. म्हणजे एका शॉपचे 4.8 टन आणि 6,400 रुपये. सगळ्यांचे मिळून 67.2 टन आणि 89,600 रुपये. किलोला 1 रुपया 33 पैसे पडले.

संस्थेने एक टेम्पो महिन्याच्या ठेक्याने घेतला, चालक आणि डिझेलसह 52,000. नोंदी ठेवायला अर्धवेळ माणूस 9,000. फोन, क्रेट, स्टेशनरी आणि ऑडिटची तरतूद 5,000. एकूण 66,000. दीड टनाची गाडी दिवसाला दोन फेऱ्या करून 26 दिवसांत 78 टन नेऊ शकते, म्हणजे माल बसतो. संस्थेने किलोला 1 रुपया 15 पैसे दर लावला तर जमा 77,280 होते. सभासदाचे किलोमागे 18 पैसे वाचले आणि संस्थेकडे महिन्याला 11,280 उरले.

हे गणित कागदावर सगळ्यांनाच आवडते. पुढचे गणित मात्र बहुतेक जण करत नाहीत. तीन शॉपवाल्यांना ओळखीच्या टेम्पोवाल्याने शंभर रुपये कमी सांगितले आणि ते तिकडे गेले. आता 11 शॉपचा माल 52.8 टन, जमा 60,720, खर्च तोच 66,000. महिन्याला 5,280 चा खड्डा. खर्च निघायला साधारण 57.4 टन लागतात, म्हणजे 14 पैकी किमान 12 शॉप पूर्ण मालासह टिकायला हवीत. सेवा संस्था बुडतात त्या बहुधा इथे: सभासद सोडून जात नाही, तो फक्त वापर कमी करतो.

म्हणून पोटनियमात किमान वापराची अट घाला. या उदाहरणात प्रत्येक सभासदाने महिन्याला 4.1 टनांचे पैसे भरायचे, माल नेवो अगर न नेवो. म्हणजे 4,715 रुपये. 14 जणांचे 66,010 होतात आणि खर्च भागतो. ही अट तोंडी ठेवू नका. शेअरच्या अर्जासोबतच सही घ्या.

तीन महिने चालवून पाहा

नोंदणीआधी हाच टेम्पो तीन महिने आपसात लेखी करार करून चालवा. पैसे एका सभासदाच्या खात्यातून फिरवण्यापेक्षा प्रत्येकाने टेम्पोवाल्याला आपल्या हिश्श्याचे थेट द्यावेत, म्हणजे कराचा आणि संशयाचा प्रश्न येत नाही. या काळात नावात, पावतीवर किंवा फलकावर "सहकारी" हा शब्द वापरू नका. नोंदणी नसताना तो वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

चाचणीत बारीक गोष्टी उघड्या पडतात. फौंड्रीत माल चढवताना एक नोंद, शॉपवर उतरवताना दुसरी नोंद, दोन्हींवर सही आणि काटा पावती जोडलेली, इतके नसेल तर पहिल्याच पंधरवड्यात दोन नगांवरून भांडण होते. वेगवेगळ्या शॉपचे कास्टिंग एकाच हौद्यात येते म्हणून प्रत्येकाच्या क्रेटला रंग ठरवून द्या. मशीनिंग झालेले नग परत जाताना कच्च्या कास्टिंगसोबत सुटे टाकू नका. तयार पृष्ठभागावर ठोकर बसली की रिजेक्शन कुणाचे यावर संस्था मोडते. मालासोबतचे जॉबवर्क चलन (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करण्याचा कागद) ज्याच्या त्याच्या नावाचेच राहील, संस्थेच्या नावाचे नाही. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाड्याचा माल नेला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या हव्यात. उद्यमनगरात बाप-लेकाची दोन शॉप समोरासमोर असतात. नोंदणीच्या मोजणीत ते एकच कुटुंब धरले जाते. म्हणून सुरुवातीलाच बारा-तेरा जण घेऊन चला. भागीदारी फर्मही सभासद होऊ शकते. तिच्याकडून कोण मत देणार हे लेखी घेऊन ठेवा, नाहीतर भागीदारांचे बिनसले की दोघेही सभेला येऊन बसतात.

प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, इतिवृत्त लिहा. निबंधक कार्यालयाकडे नाव राखून घेण्यासाठी आणि बँकेत खाते उघडण्यासाठी अर्ज करा. मंजुरी आली की शेअर आणि प्रवेश फी त्या खात्यात भरा. मग नमुना "अ" मधला नोंदणी अर्ज द्यायचा. सोबत पोटनियमांच्या चार प्रती, बँकेचा शिलकीचा दाखला, भाग घेतलेल्यांची रकमेसह यादी आणि संस्था आर्थिकदृष्ट्या कशी चालेल याची योजना. निर्णयाची मुदत दोन महिन्यांची आहे.

अर्ज परत येतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, योजना ढोबळ असते. "सभासदांची सर्वांगीण उन्नती" असे लिहिलेल्या कागदावर अधिकारी काय तपासणार? वरचे टन आणि रुपयांचे गणित, तीन महिन्यांच्या चाचणीच्या नोंदी आणि किमान वापराची संमतिपत्रे जोडा. दुसरे कारण उद्देश. नमुना पोटनियमात वाहतुकीपासून पतपुरवठ्यापर्यंत सगळे उद्देश घालून ठेवले की संस्था कोणत्या वर्गात बसवायची हा प्रश्न उभा राहतो. कर्जवाटप आणि ठेवी यांचा उल्लेखही करू नका. अर्ज देण्यापूर्वी वर्गीकरणाबद्दल कार्यालयात जाऊन स्पष्ट बोलून घ्या, कारण आपल्याकडे "सेवा सोसायटी" म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पीककर्ज देणारी विकास सोसायटीच येते.

नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पॅन, टॅन, चालू खाते आणि उद्यम नोंदणी त्याच काळात उरकून घ्या.

निपाणी-बेळगावचे व्यावसायिकही हवे असतील तर प्रकरण बहुराज्य कायद्यात जाते आणि तिथे प्रत्येक राज्यातून किमान पन्नास व्यक्ती लागतात. दहा-पंधरा जणांच्या गटाने त्या वाटेला जाऊ नये.

पोटनियमात हाताने घालायच्या गोष्टी

छापील नमुना पुरत नाही. नंतर दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत आणि वर निबंधकाची मंजुरी लागते, म्हणून सुरुवातीलाच वेळ द्या.

अनामत ही सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक सभासदाने दीड महिन्याच्या सरासरी बिलाएवढी रक्कम अनामत ठेवावी. बिल दर महिन्याच्या 5 तारखेला, भरणा 12 तारखेपर्यंत, 13 पासून सेवा बंद. चेअरमनलाही हाच नियम. उधारी एका सभासदापासून सुरू होते आणि तो बहुधा संचालक असतो. त्याला सवलत दिल्याचे कळले की पुढच्या महिन्यात चौघे मागतात. टेम्पोवाल्याचे पैसे थकले की तो गाडी थांबवतो आणि वेळेवर भरणाऱ्यांचाच माल अडकतो.

मत एकच, शेअर कितीही असोत. हे कायद्यातच आहे. पण वापर मोठा असलेल्या शॉपला वाटते की आपण जास्त भरतो आणि आवाज सारखाच. त्याचे समाधान मताने करता येत नाही, रिबेटने, म्हणजे वापराच्या प्रमाणात परत दिलेल्या रकमेने, करता येते. ते पुढे येते.

स्पर्धेबद्दल एक कलम जरूर घाला: संस्थेत कळलेली दुसऱ्या सभासदाची गिऱ्हाइके, ड्रॉइंग, दर बाहेर वापरायचे नाहीत. चलने हाताळणारा माणूस म्हणूनच कुणाचा नातेवाईक नसावा. आणि एक गोष्ट कधीही करू नका. सभासदांनी आपापल्या गिऱ्हाइकांना काय दर सांगायचा हे संस्थेच्या सभेत ठरवू नका, टेंडर कुणी भरायचे आणि कुणी सोडायचे हेही नाही. स्पर्धा कायदा, 2002 खाली ते कार्टेल (स्पर्धकांचे संगनमत) ठरू शकते, आणि सहकारी नोंदणी त्यातून वाचवत नाही. संस्थेने स्वतःच्या नावाने एक काम घेऊन ते सभासदांत वाटणे ही गोष्ट निराळी.

एकत्र ऑर्डर घ्यायची असेल तर

एखादा मोठा गिऱ्हाईक 5,000 नग महिन्याला मागतो आणि एका शॉपची ताकद 900 ची असते. इथे संस्था ऑर्डर घेऊन सहा शॉपमध्ये वाटू शकते. काम मोठे आहे, पण धोकाही तितकाच.

प्रत्येक शॉपला एक क्रमांक द्या आणि तो प्रत्येक नगावर ठरलेल्या जागी पंच करा, मशीनिंग न होणाऱ्या बाजूला. हे केले नाही तर परत आलेले 40 नग कुणाचेच नसतात. सहाही शॉपनी मोजमाप एकाच गेजने पडताळावे. प्रत्येकाचा व्हर्नियर वेगळे बोलतो. पहिला नग प्रत्येक शॉपचा स्वतंत्र मंजूर करून घ्या, एका शॉपच्या मंजुरीवर बाकीच्यांनी काम सुरू करू नये. रिजेक्शनचा खर्च ज्याचा क्रमांक त्याच्या बिलातून कापायचा, आणि कास्टिंगमध्येच दोष असेल तर फौंड्रीकडे दावा संस्थेने लावायचा.

पैशाची बाजू. गिऱ्हाईक संस्थेचे बिल देताना टीडीएस कापतो आणि संस्था सभासदांना देताना पुन्हा कापते. खाते कोरडे पडते ते यात आणि उशिराच्या पेमेंटमध्ये. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात पुरवठादाराच्या व्याख्येत अशा उद्योगांचा माल विकणारी किंवा त्यांच्या सेवा देणारी सहकारी संस्थाही येते. करारात मुदत लिहिलेली असली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. लिहिलेली नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. एकटा जॉबवर्कवाला हे पत्र पाठवायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. संस्थेच्या लेटरहेडवरून तेच पत्र जाते तेव्हा कुणा एकाचे नाव पुढे येत नाही. आमच्या मते एकत्र ऑर्डरचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, दरातल्या चार पैशांपेक्षाही.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी दुरुस्तीवाले आणि चप्पल कारागीर

इथे मशीन नाही, माणूस आहे, त्यामुळे भांडण कामाच्या वाटपावरून होते. फोन घेणाऱ्याच्या मर्जीने काम देऊ नका. क्रमांकाची वही ठेवा: ज्याचा नंबर त्याला काम, नाकारले तर नंबर शेवटी, गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितले तर ते काम त्यालाच पण नंबर न हलवता. ही वही सर्व सभासदांना कधीही पाहता यायला हवी.

पैसे संस्थेच्या खात्यात यावेत आणि सभासदाला दर शनिवारी मिळावेत. समजा बिलाच्या मजुरीचे 10 टक्के संस्थेचे, आणखी 5 टक्के तीन महिने राखून ठेवायचे. त्या काळात तक्रार आली आणि मूळ माणूस गेला नाही तर दुसरा जातो आणि राखीव रकमेतून त्याला पैसे मिळतात. गिऱ्हाईक संस्थेकडे परत येते ते या हमीमुळे. वायरिंगच्या कामाला वीज कंत्राटदाराचा परवाना लागतो, वायरमनचे प्रमाणपत्र तेवढ्याला पुरत नाही. निदान एका सभासदाकडे परवाना असल्याशिवाय अशी कामे संस्थेने घेऊ नयेत.

संस्थेने हजेरी, कामाचे तास, गणवेशाचा दंड असे नियम वाढवत नेले की सभासद स्वतंत्र व्यावसायिक राहिला की नोकर झाला हा प्रश्न येतो, आणि त्यामागून पीएफ-ईएसआयचा. गुणवत्तेचे नियम करा, वेळेचे मालक होऊ नका.

चप्पल कारागिरांसाठी चामड्याची एकत्र खरेदी हा पहिला विचार येतो. पण घरोघरी काम वाटलेले असते, तळ एकाकडे, वेणी दुसरीकडे, आणि माल उधारीवर उचलायची सवय जुनी; अनामतीशिवाय खरेदी सुरू केली तर पहिली खेप उधारीतच संपते. त्यापेक्षा कागदाचे काम आधी घ्या. कोल्हापुरी चप्पलला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. नोंदणी लिडकॉम (महाराष्ट्र) आणि लिडकर (कर्नाटक) या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. पंचवीस कारागिरांचे अर्ज, फोटो, कामाचे पुरावे एका जागी भरून देणे ही खरीखुरी सेवा आहे. तिला भांडवल लागत नाही आणि उधारीचा धोकाही नाही.

वर्षअखेर

लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत. ऑडिटर निबंधकांच्या पॅनेलवरचाच लागतो. पहिल्या वर्षी अडचण येते ती प्रोसिडिंग बुकाची: ठराव झालेले असतात, लिहिलेले नसतात. सभा संपल्यावर तिथेच लिहून सह्या घ्या.

नफ्यातला किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीला जातो, आणि निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. टेम्पोच्या उदाहरणात वर्षाला 1,35,360 उरले. कर आणि शिक्षण निधी बाजूला ठेवून मांडू. राखीव निधीला 33,840. प्रत्येकी 10,000 प्रमाणे भांडवल 1,40,000, त्यावर 8 टक्के लाभांश 11,200. उरले 90,320. त्यातले 30,320 पुढच्या कामासाठी ठेवले तर 60,000 रिबेटला राहतात. वर्षात 806.4 टन माल गेला, म्हणजे किलोला सुमारे 7.4 पैसे. ज्याने 100 टन नेले त्याला 7,440 रुपये. गोकुळच्या सभासदाला दिवाळीत दुधाचा फरक मिळतो, त्याच तत्त्वाने हे वाटप: ज्याने जेवढे वापरले त्याला तेवढे. मोठ्या शॉपची तक्रार इथे मिटते. वाटप मात्र ऑडिट आणि वार्षिक सभेच्या मंजुरीनंतरच करा. आधी उचल देऊ नका.

दुसरी सेवा कधी

पहिल्या सेवेचा खर्च सलग बारा महिने किमान वापराची रक्कम न मागता भागला, म्हणजे सभासदांनी आपणहून तेवढा माल दिला, तरच दुसरी सेवा घ्या. इन्सर्ट आणि कूलंटची एकत्र खरेदी ही साहजिक पुढची पायरी. तिचा कराशी संबंध आधी पाहा. वाहतुकीची वर्षाची जमा सव्वानऊ लाखांच्या आसपास आहे, सेवांसाठीच्या 20 लाखांच्या जीएसटी मर्यादेच्या आत. सेवेसोबत मालाची विक्री सुरू झाली की दोन्हींची उलाढाल मिळून तीच 20 लाखांची मर्यादा लागते, आणि 14 शॉपची इन्सर्ट खरेदी ती काही महिन्यांत ओलांडू शकते. सभासदाला दिलेली सेवा आपसातली आहे म्हणून जीएसटीतून सुटते हा समज धरू नका. 2021 च्या दुरुस्तीने तसे व्यवहारही कराच्या कक्षेत आणले आहेत. सीएकडून हे लेखी घ्या.

खरेदीचा हिशेब वाहतुकीत मिसळू नका. वेगळी खातेवही, वेगळी अनामत, आणि महिन्याचा जमाखर्च दोन स्वतंत्र कागदांवर. इन्सर्टचा साठा एका महिन्याच्या वापरापेक्षा जास्त भरू नका. ग्रेड बदलले की जुने डबे कपाटात राहतात आणि ताळेबंदात मात्र पूर्ण किमतीने दिसत राहतात.